शेवंताबाईंचा उजवा डोळा

चष्म्याच्या दुकानात येणारा माणूस सगळा दोष चष्म्यावर टाकतो. डोकं दुखलं, चष्मा. पाय घसरला, चष्मा. सुनेशी वाजलं तरी "हा नवा नंबर लागल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही" म्हणणारे सासरे मी पाहिले आहेत. वाशीत एकतीस वर्षं दुकान चालवलं, गेल्या वर्षी विकून टाकलं. या अंकाच्या संपादकांनी दुकानातल्या गमतीजमती लिहा म्हणून सांगितलं होतं. गमती पुष्कळ आहेत. तुर्भ्याचा एक ट्रक ड्रायव्हर एकाच डोळ्याचा चष्मा करून मागायचा, दुसरी काच नको म्हणायचा, निम्मे पैसे वाचतात म्हणून. पण लिहायला बसलं की शेवंताबाई तांबे आड येतात. तेव्हा त्यांचंच लिहितो.

आधी एक सांगायला हवं. मी डोळ्यांचा डॉक्टर नव्हे. गिरगावातल्या एका जुन्या दुकानात काचा घासायला शिकलो, मग नंबर काढायला. अंधाऱ्या खोलीत आरशाने गिऱ्हाइकाच्या डोळ्यात उजेड टाकायचा. बाहुलीत तांबूस प्रकाश दिसतो, आरसा हलवला की त्यात सावली सरकते. ती कुठल्या बाजूला सरकते त्यावरून अंदाज येतो. मग नाकावर ती जड चौकट बसवून काचा बदलत जायचं आणि विचारत राहायचं, "आधीचं बरं की आत्ताचं?" या एका प्रश्नावर आमचं पोट. औषधं, आजार, ऑपरेशन हे आमचं काम नाही. आमच्याकडे आलेल्या कुणाचा डोळा आजारी वाटला तर त्याला डॉक्टरकडे धाडणं, एवढंच आमचं काम. ते मात्र चुकायला नको.

ऐंशी सालाच्या पुढची गोष्ट. वाशीचे सेक्टर वसत होते. अर्ध्या इमारतींत माणसं, अर्ध्या रिकाम्या. खाडीच्या पुलावरून मुंबईची माणसं येत होती, मोकळी हवा आणि नळाला चोवीस तास पाणी म्हणून खूश होती. आणि दोन महिन्यांत त्यांच्यातली काही, विशेषतः म्हातारी, कोमेजत होती. चाळीत चाळीस वर्षं दार उघडं टाकून राहिलेल्या बायका इथे कडी लावून बसायच्या.

शेवंताबाई त्यांच्यातल्याच. मूळच्या मंडणगडकडच्या. नवरा, म्हणजे तांबेकाका, गोदीतून रिटायर झालेले, मुलगा तुर्भ्याच्या एका कंपनीत फिटर. मुलाने खोली-किचनचं घर घेतलं आणि आईबापांना परळच्या चाळीतून इथे आणलं. बाई शाळेत कधी गेलेल्या नव्हत्या. पंचेचाळिशीला चाळीतल्या रात्रशाळेत अक्षरं शिकल्या आणि पुढे दर वर्षावासात विहारात ग्रंथ वाचायला बसू लागल्या. पावसाचे तीन महिने, रोज संध्याकाळी, तीस-चाळीस बाया ऐकायला. हे मला तांबेकाकांनी सांगितलं. बाई स्वतःबद्दल सांगणाऱ्यातल्या नव्हत्या.

इथे आल्यावर सहा महिन्यांत त्या गप्प झाल्या. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. जेवण नको, अंघोळ नको, कुणी आलं तर भिंतीकडे तोंड. काका अंगारे-धुपाऱ्याच्या नादी लागले नाहीत. सरळ मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथे गोळी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले होते, तीन आठवडे लागतील, धीर धरा. आणि खरंच, महिन्याभरात बाई उठल्या. एक दिवस सुनेच्या हातातून पिठाचा गोळा घेतला आणि म्हणाल्या, हो बाजूला, तुझ्या भाकऱ्या जाड होतात. काका हे सांगताना हसायचे आणि डोळे पुसायचे.

डोकं ताळ्यावर आलं तशी बाईंना ग्रंथाची आठवण झाली. सेक्टरमधल्या बायकांनी एका घरी वाचन ठेवायचं ठरवलं होतं. बाईंनी पुस्तक उघडलं तर अक्षरं विस्कटलेली. म्हणून त्या माझ्याकडे आल्या.

मला ती पहिली भेट नीट आठवते. साठीच्या आसपासच्या, काळ्या, बुटक्या, नऊवारी, कपाळ मोकळं. बोलताना सारखी जीभ ओठांवरून फिरवायच्या. मी पाण्याचा ग्लास दिला तर एका दमात संपवला. "तोंड सुकतं ओ, भाऊ," म्हणाल्या. मी नंबर काढला. लांबचा प्लस साडेतीन, म्हणजे बऱ्यापैकी मोठा. प्लस नंबरचा डोळा बहुधा आकाराने लहान असतो, सगळं आत दाटीवाटीने बसवलेलं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. बाहुली जरा मोठी वाटली. खोलीत अंधार होता, मी फार विचार केला नाही. जवळचा नंबर थोडा वाढवून चष्मा करून दिला.

तीन आठवड्यांनी पुन्हा आल्या. वाचता येत नाही. मी पुन्हा तपासलं, पाव नंबर इकडे-तिकडे केला, काच बदलून दिली. त्या वेळी जाता जाता त्यांनी विचारलं, संध्याकाळी दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं, ते कशाने? आणि मग थोडा वेळ कपाळ ठणकतं.

या प्रश्नाचं उत्तर चष्मेवाल्यालाही ठाऊक असावं लागतं. दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखं कडं आणि कपाळात ठणका म्हणजे डोळ्यातलं पाणी तुंबतं आहे अशी शंका घ्यायची आणि माणसाला त्याच दिवशी डॉक्टरकडे धाडायचं. गिरगावात माझ्या मालकांनी मला हे शिकवलं होतं. पण दुकानात चार माणसं उभी होती. पावसाळी दमट हवा होती. मी त्यांचा चष्मा हातात घेऊन म्हटलं, मावशी, काचेवर हाताचा तेलकटपणा बसतो आणि हवेत बाष्प आहे, त्याने दिसतं. फडक्याने काच पुसून दिली. त्यांनी विश्वास ठेवला.

दहा-बारा दिवसांनी सकाळी तांबेकाका एकटेच दुकानात आले. तक्रार घेऊन नव्हे, संकोचून विचारत होते की नव्या चष्म्याने एवढं डोकं दुखू शकतं का. बाई दोन दिवस ओकत होत्या. कॉलनीतल्या डॉक्टरांनी पित्त आणि पोटातली कळ म्हणून गोळ्या दिल्या होत्या, एक इंजेक्शनही दिलं होतं. ओकारी थांबत नव्हती आणि बाई उजवा डोळा उघडत नव्हत्या.

मी दुकान शेजारच्या टेलरला सांगून तसाच निघालो. खिशात बॅटरी होती. बाई भिंतीशी चटईवर पडून होत्या, सून उशाशी बसून मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती. मी उजवी पापणी उचलली. डोळा लालभडक. समोरचा पडदा वाफ धरलेल्या काचेसारखा धुरकट. बाहुली मोठी, लांबट, आणि बॅटरी अगदी जवळ धरली तरी ती जागची हलली नाही. पापणी मिटवून बोटाने हलकेच दाबून पाहिलं. डोळा सुपारीसारखा टणक लागला.

मी काकांना बाजूला घेऊन म्हटलं, आत्ताच्या आत्ता मुंबईला न्या. पोटाचं नाही हे, डोळ्याचं आहे. मीही बरोबर निघालो आणि हॉस्पिटलात दाखवायला म्हणून घरातली सगळी औषधं मागितली. सुनेने फळीवरून तीन पुड्या काढल्या. एक मनाच्या डॉक्टरांची. एक कॉलनीतल्या डॉक्टरांची, पोटातल्या कळीची. आणि एक सर्दीच्या गोळ्यांची. ती मेडिकलवाल्याने अशीच दिली होती, पावसात भिजल्या म्हणून.

पुड्या देणाऱ्या तिघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. हॉस्पिटलातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिन्ही पुड्या टेबलावर ओतल्या आणि मला म्हणाल्या, "या तिन्ही गोळ्या वेगवेगळ्या कामाच्या, पण एक काम तिघीही करतात." तिन्हींनी तोंड सुकतं, पोट साफ होत नाही, लघवी अडते आणि डोळ्याची बाहुली मोठी होते. तरुण माणसाला हे चालून जातं. म्हाताऱ्या शरीरात औषध जास्त वेळ रेंगाळतं आणि एकावर एक चढत जातं. डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि कडेच्या कोपऱ्यातून निचरून जातं. लहान डोळ्यात तो कोपरा मुळातच चिंचोळा. बाहुली उघडी राहिली की तिचा पडदा त्या कोपऱ्यात गोळा होतो, मोरीच्या जाळीवर फडकं अडकावं तसा. पाणी तुंबतं, दाब चढतो, आणि डोकं फुटायची वेळ येते. त्या दुखण्याने ओकाऱ्या होतात. ओकाऱ्यांवर पोटाचं औषध दिलं जातं, आणि ते औषध बाहुली आणखी उघडतं.

उजव्या डोळ्याची नजर गेली ती गेलीच. उशीर झाला होता. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन केलं. उजव्याचं दुखणं थांबवायला आणि डाव्याची पाळी येऊ नये म्हणून. बाहुलीच्या पडद्याला कडेला बारीकसं भोक पाडतात, पाण्याला दुसरी वाट मिळते. डावा वाचला. तिन्ही गोळ्या तेव्हा बंद झाल्या.

तांबेकाका दुकानात येऊन माझ्या पाया पडायला लागले. तुम्ही आला नसता तर ती आंधळी झाली असती, म्हणाले. ते सेक्टरभर हेच सांगत फिरले. दिव्याभोवतीच्या कड्याचं काय झालं होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. बाईंना माहीत होतं. त्या कुणाला बोलल्या नाहीत.

त्यानंतर मी दुकानात पाटी लावली: "आपण कोणत्या गोळ्या घेता ते आधी सांगावे." लोक हसायचे. चष्म्याला गोळ्या कशाला? पण म्हातारं गिऱ्हाईक आलं की मी पहिलं तेच विचारायचो आणि पेन टॉर्चने बाहुली बघायचो. थोड्याच दिवसांत त्याचं फळही मिळालं. परांजपे मास्तर म्हणून एक रिटायर शिक्षक होते, बायको गेल्यापासून एकटेच राहायचे. ते माझ्यावर तावातावाने आले. वर लांबचा, खाली जवळचा अशा माझ्या दोन नंबरांच्या चष्म्याने ते दोनदा पडले होते, मनगट प्लास्टरमध्ये. पैसे परत हवे होते. या चष्म्याने जिन्यात पाय चुकतो हे खरं आहे, म्हणून मी विचारलं, कुठे पडलात?

"पलंगाशी. सकाळी उठलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली."

"चष्मा कुठे होता तेव्हा?"

मास्तरांनी आवाज खाली आणला. "उशाशी," म्हणाले.

गोळ्या विचारल्या. ब्लडप्रेशरची एक, उदासीची एक, झोपेची एक, आणि प्रत्येकीचा डॉक्टर निराळा. मी चिठ्ठीवर तिघींची नावं लिहून दिली आणि म्हटलं, ही तिन्ही डॉक्टरांना दाखवा. त्यांच्या डॉक्टरांनी एक बंद केली, एक निम्मी केली, उठण्याआधी दोन मिनिटं पलंगावर बसायला सांगितलं. मास्तर पडायचे थांबले. त्यांनी मला सफरचंदांची पेटी आणून दिली.

मला वाटतं, माझं डोकं त्या पेटीपासून फिरलं. आपल्याला कळतं असं मला वाटू लागलं. दुकानात काच घासता घासता मी गिऱ्हाइकांना सांगायचो, त्या उदासीच्या गोळ्यांपासून लांब राहा, एका बाईचा डोळा खाल्ला त्यांनी. मनाचं काही नसतं, भजन करा, फिरायला जा. लोक माना डोलवायचे. डॉक्टर सोप्या भाषेत सांगत नाहीत, मी सांगायचो.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी शेवंताबाई आल्या. एकट्याच. घरापासून माझ्या दुकानापर्यंत दहा मिनिटांचा रस्ता होता, तो त्यांनी भिंती आणि कुंपणं धरत काढला असणार, कारण एका डोळ्याने पायरीचा अंदाज येत नाही. वाळल्या होत्या. हातात हॉस्पिटलच्या कागदांची प्लॅस्टिकची पिशवी होती. चष्मा नीट करायचा आहे का म्हणून मी विचारलं. नाही म्हणाल्या. स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, ती डोक्याची गोळी मी परत खाऊ का?"

मी म्हटलं, मावशी, काय बोलता? तिनेच तर झालं सगळं.

"व्हय. पन ती खात होते तवा मी मानसात होते. आता परत तसंच झालंय. भाकरीचा घास फिरतो तोंडात. ह्यांना सांगत नाय मी, ते घाबरतात. हा एक डोळा गेला तर जाऊ दे. पुस्तक दुसरं कोन वाचंल. मला नुसतं ऐकाय मिळालं तरी पुरं."

मी पिशवी हातात घेतली नाही. उघडली तर नाहीच. मला सगळं माहीत होतं. मी त्यांना स्वच्छ आवाजात, दुकानातल्या माणसांनाही ऐकू जाईल असं, सांगितलं की ती गोळी या जन्मात तोंडात घालायची नाही. घातलीत तर डावाही जाईल आणि मग कुणी वाचवू शकणार नाही. मन घट्ट करा. त्यांनी मान हलवली. "बरं," म्हणाल्या. उठल्या. मी त्यांना रस्ता ओलांडून दिला, एवढं केलं.

त्यांनी माझं ऐकलं. पुन्हा कधी विचारलं नाही, कुणालाच नाही. हळूहळू खाणं सुटलं, अंथरूण धरलं. मार्चमध्ये छातीत कफ झाला आणि चार दिवसांत गेल्या. मी गेलो होतो. घरात त्यांचा वाचायचा ग्रंथ टेबलावर ठेवलेला होता, शेजारी मी केलेला चष्मा.

पुढच्या वर्षी आमच्या सेक्टरमध्ये मोफत नेत्रतपासणीचं शिबिर झालं. त्याच डॉक्टरीणबाई आल्या होत्या. मी चष्म्यांचं काम बघत होतो. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना आठवण करून दिली आणि जरा फुशारकीनेच सांगितलं की बाईंनी पुन्हा त्या गोळ्या मागितल्या होत्या, पण मी घेऊ दिल्या नाहीत.

त्यांनी डबा बाजूला ठेवला. "ऑपरेशननंतर?" म्हणाल्या. "भोक पाडल्यानंतर त्या गोळ्यांनी तो डोळा गेला नसता, निदान तसा तुंबून नाही. म्हणून तर मी कागदावर लिहिलं होतं, सहा आठवड्यांनी या, मनाच्या डॉक्टरांचे कागद घेऊन. आम्ही दोघांनी बसून कमी डोस ठरवला असता, दुसरी एखादी गोळी बघितली असती. त्या आल्याच नाहीत. मला वाटलं, बऱ्या झाल्या."

त्या रागावल्या नाहीत. पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि पुढचं नाव पुकारायला सांगितलं.

ती दुकानातली पाटी मी काढली नाही. ती चांगलीच होती. पण त्यानंतर कुणाला गोळी घ्या किंवा सोडा असं मी सांगितलं नाही. नावं लिहून द्यायचो, सगळे कागद एका पिशवीत घाला, सगळ्या डॉक्टरांना तीच पिशवी दाखवा, एवढं म्हणायचो. पिशवी स्वतः उघडून बघायचो.

तांबेकाका येत राहिले. दर वर्षी नंबर तपासायला, आणि मधेमधे नुसतेच बसायला. नव्या गिऱ्हाइकाला सांगायचे, माझ्या बायकोचा एक डोळा यांनी वाचवला. मी काच घासत राहायचो. असं चार-पाच वर्षं चाललं. एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं, त्यांनी पुन्हा तेच म्हटलं आणि मला ते सहन झालं नाही. मी सगळं सांगितलं. दिव्याचं कडं, पुसलेली काच. त्या एकट्या आल्या होत्या ते, काय मागितलं ते, मी काय म्हणालो ते, आणि डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते.

काका काउंटरच्या काचेकडे बघत होते. ते उठून जातील, किंवा शिव्या घालतील, असं मला वाटलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे ती चालत आली होती?" त्यांनी विचारलं. "एकटी? इथवर?"

"हो."

"आणि गोळी मागितली."

"हो काका."

मग म्हणाले, "मला वाटत होतं तिला जगायचंच नव्हतं. शेवटी पाणी पाजायला गेलो तरी तोंड फिरवायची. मला वाटायचं, चाळीतून आणली म्हणून माझ्यावर राग धरून गेली." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुम्ही ते परत सांगा. ती नेमकं काय म्हणाली, ते. तिच्याच शब्दांत सांगा."

मी सांगितलं. शब्दन् शब्द. त्यांनी आणखी एकदा सांगायला लावलं.